खऱ्या वाक्यांचा वर्ग

बाईंच्या वर्गात खोटं वाक्य चालत नसे. व्याकरण चुकलं तर बाई सांभाळून घेत, उच्चार चुकला तर स्वतः म्हणून दाखवत. पण वाक्यच खरं नसेल तर त्या खडू फळ्याच्या कडेला ठेवत, हात झटकत आणि गप्प उभ्या राहत. मग बोलणाऱ्याच्या लक्षात येई की आपल्याकडे मोटार नाही, आणि 'माझी मोटार लाल आहे' हे वाक्य आपल्याला परत घ्यावं लागणार.

हा वर्ग चष्म्याच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. बाकं एका बंद पडलेल्या शाळेतून स्वस्तात आणलेली, म्हणजे लहान मुलांच्या मापाची. त्यावर मोठी माणसं बसली की गुडघे हनुवटीला लागायचे. वर्गाचं नाव 'प्रगत इंग्रजी'. पुढे बसायचे लिफ्टवाले, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांच्या कंपनीतला नवा साहेब इंग्रजीशिवाय बोलत नसे. त्यांच्या शेजारी टेलरकाका. त्यांची लेक परदेशी होती आणि जावयाला मराठीचा गंध नव्हता. खिडकीपाशी बसायच्या सिस्टर. त्या एका मोठ्या इस्पितळात भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. ड्यूटीवरून थेट यायच्या, त्यामुळे त्यांच्याबरोबर औषधाचा वास वर यायचा आणि त्या गेल्यावरही थोडा वेळ बाकावर बसून राहायचा.

खऱ्या वाक्यांचा हा नेम बाईंनी कुठल्या पुस्तकातून उचललेला नव्हता. बाई शिकल्या मराठी शाळेत. इंग्रजी पाचवीपासून, तेही आठवड्यातून जेव्हा मास्तरांना आठवेल तेव्हा. एकदा त्या ओसरीत बसून मोठ्यानं धडा घोकत होत्या, 'माय अंकल हॅज अ शिप.' वडील गवंडी. नुकतेच कामावरून येऊन हातपाय धूत होते. त्यांनी विचारलं, काय म्हणतेस? बाईंनी सांगितलं, माझ्या काकाचं एक जहाज आहे. वडिलांनी तोंड पुसलं आणि विचार करून म्हणाले, कुठल्या काकाचं? धाकट्याची तर हातगाडी आहे. बाई म्हणाल्या, पुस्तकात तसं आहे. त्यावर वडील म्हणाले की पुस्तकवाल्याच्या काकाचं असेल जहाज, त्यानं खुशाल म्हणावं. आपल्याला देवानं तोंड दिलंय ते उगाच काहीबाही बोलायला नाही. तेव्हा बाईंनी हातगाडीला इंग्रजीत काय म्हणतात ते दुसऱ्या दिवशी मास्तरांना विचारलं. मास्तरांना ते येत नव्हतं. त्यांनी बाईंना वर्गाबाहेर उभं केलं.

तिथपासून बाईंनी इंग्रजीत खोटं वाक्य केलं नाही. पुढे शिकवायला लागल्यावर तोच नेम वर्गाला लागला, आणि वर्गाला तो मानवला, निदान वर्गापुरता तरी. कारण असं खरं बोलत बोलत एक पुस्तक संपलं की बाकावरच्या माणसाला शेजारच्याचं सगळं घर ठाऊक झालेलं असे. तुलनेच्या धड्यात एका वर्षी दोन जावा शेजारी बसलेल्या होत्या. 'माझी जाऊ माझ्यापेक्षा आळशी आहे' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष निघालं. दोघींनी पुढचे धडे वेगवेगळ्या बाकांवर केले. 'जर-तर'च्या वाक्यांना मात्र बाईंची हरकत नसे. जर म्हटलं की त्या वाक्यानं दारावरच पाटी लावली, मी घडलेलं नाही म्हणून. त्यात फसवणूक कसली.

बाईंचा सगळ्यात आवडता धडा म्हणजे असण्याच्या क्रियापदांचा. बाई सांगत, इंग्रजीत दोन जातींची क्रियापदं आहेत. काही कामाची, काही असण्याची. धावणं, शिवणं, स्क्रू पिळणं ही कामं. हात घातला की सुरू, काढला की बंद. म्हणून 'आय ॲम स्टिचिंग' म्हणता येतं. पण ठाऊक असणं, आवडणं, विश्वास असणं, मालकीचं असणं, ह्यांत हात घालायला काही नसतं. ते असतं, नाहीतर नसतं. म्हणून त्यांना 'आयएनजी'चं शेपूट लावायचं नाही. 'आय ॲम नोइंग' नाही, 'आय ॲम लाइकिंग' नाही. 'आय नो, आय लाइक.' संपलं. उभी भिंत आहे, ती कुणी उभी करत नाहीये.

मग त्या स्वतःची वाक्यं फळ्यावर लिहीत. मला माझा रस्ता माहीत आहे. माझा देवावर विश्वास आहे. मी ह्या घरची आहे. ही वाक्यं इंग्रजीत लिहिताना बाईंचं अक्षर जरा मोठं व्हायचं. वर्षानुवर्षं त्यांनी हीच वाक्यं लिहिली आणि त्यांतलं एकही कधी बदलावं लागलं नाही. सकाळी दिवा लावून हात जोडताना अधूनमधून आपण भिंतीशीच बोलतोय असं त्यांना वाटून जायचं. पण त्या वाटण्याचं त्यांनी कधी इंग्रजी केलं नव्हतं.

सगळं ठीक चाललं होतं. अडचण एकच होती, की बाईंचे विद्यार्थी तोंडी परीक्षेत नापास होत.

लेखी परीक्षेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण तोंडी परीक्षेत एक परीक्षक समोर बसतो, यंत्रावर आवाज भरून घेतो आणि म्हणतो, तुमच्या आवडत्या सहलीबद्दल बोला. इतर ठिकाणचे विद्यार्थी समुद्र, डोंगर, आजोबा, जे पाठ केलेलं असेल ते धडाधड सांगून मोकळे होत. लिफ्टवाल्यांना हा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, मी सहलीला गेलेलो नाही. परीक्षक भला होता. तो म्हणाला, मग कल्पना करा. लिफ्टवाले म्हणाले, आमच्या बाईंना चालत नाही. परीक्षकानं विषय बदलून स्वप्नातल्या घराबद्दल विचारलं. लिफ्टवाले म्हणाले, माझ्या स्वप्नात घर येत नाही, लिफ्ट येते. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली असते. हे ऐकल्यावर परीक्षकाकडचे प्रश्न संपले.

सिस्टर दोनदा नापास झाल्या होत्या. त्यांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यांच्या इस्पितळानं नव्या परिचारिकांना शिकवण्यासाठी एक जागा काढली होती. दिवसाचं काम, शिकवण्याचं काम, आणि जखमांना रोज हात लावण्यातून सुटका. ती जागा सिस्टरनाच मिळावी असं मेट्रनसकट सगळ्यांचं मत होतं, कारण वॉर्डात त्यांच्याइतकी जुनी कुणी नव्हती. पण त्या जागेला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचं प्रमाणपत्र लागे, आणि इस्पितळ तीन वेळाच बसू देई. आता तिसरी खेप. ही गेली की निवृत्त होईपर्यंत तोच वॉर्ड. सिस्टरनी हे बाईंना सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही की उतरवला नाही. फक्त म्हणाल्या, आता माझ्याच्यानं होत नाही, बाई. हात करतात, मी करत नाही.

परीक्षेत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला असे: तुम्हाला तुमचं काम आवडतं का? सिस्टर दोन्ही वेळा म्हणाल्या होत्या, नाही. का नाही? मला ते आवडत नाही. पुढे? पुढे काही नाही. वर्गात येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा बाईंनी दोन्ही वाक्यं तपासली आणि म्हणाल्या की वाक्यं बरोबर आहेत.

तिसऱ्या परीक्षेच्या आधी संचालक वर आले. संचालक म्हणजे ह्या वर्गांचे मालक, आणि एके काळचे बाईंचेच विद्यार्थी. विद्यार्थ्यांसमोर बाई त्यांना सर म्हणत आणि ते बाईंना बाई. विद्यार्थी गेले की बाई त्यांना तू म्हणत, आणि ते बाईंना बाईच. वर्ग सुटल्यावर ते एका बाकावर बसले, गुडघे पोटाशी घेऊन. परीक्षकांचा फोन आला होता म्हणाले.

"काय म्हणत होते?" बाईंनी विचारलं.

"विचारत होते, तुमच्याकडे बोलायला शिकवतात की साक्ष द्यायला."

बाईंना ह्यात विनोद दिसला नाही. संचालकांनाही तो फोनवर दिसला नसावा. त्यांनी अजीजीनं सांगितलं की बाकीचे नापास झाले तर झाले, लिफ्टवाल्यांचा साहेब त्यांना कामावरून काढणार नाही, कारण मग लिफ्ट कोण बघणार. पण सिस्टरचं तसं नाही. एका बाईंच्या नेमापायी दुसऱ्या बाईंचं आयुष्य भाजलेल्यांच्या वॉर्डात जायचं. सांगा त्यांना, की आवडतं म्हणावं. तीन शब्द. 'आय लव्ह इट.' मग पुढे काहीही बडबडलं तरी गुण मिळतात. जाताना त्यांनी बाईंच्या टेबलावर एक नवं जाड पुस्तक ठेवलं. परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला होता. असण्याच्या क्रियापदांचा धडा त्यात होता, पण वेगळाच होता, असं त्यांनी जिन्यातून सांगितलं. समोर सांगायचा त्यांना धीर झाला नसावा.

बाईंनी तो धडा घरी स्वयंपाकघरात बसून वाचला. आजवर ज्या क्रियापदांना शेपूट लावू दिलं नव्हतं, त्यांना ह्या पुस्तकानं बिनदिक्कत शेपटं लावली होती. त्यात लिहिलं होतं की अवस्था तात्पुरती असेल, वाढत किंवा घटत असेल, तर 'आय ॲम लाइकिंग इट मोअर अँड मोअर' असंही म्हणतात. एरवी जो तसा नाही तो आज तसा वागत असेल तर 'ही इज बीइंग सिली' म्हणतात. आणि नम्रपणे काही मागायचं असेल तर 'आय वॉज होपिंग', 'आय वॉज वंडरिंग' असं आडवळणानं बोलतात. बाईंचा नियम पुस्तकानं मोडला नव्हता. नियम बहुतेक वेळा खरा आहे, एवढंच म्हटलं होतं. बाईंना ते मोडण्यापेक्षा वाईट वाटलं.

बाईंचे मिस्टर डेपोतून निवृत्त झालेले. उभा जन्म बसगाड्यांच्या वेळा लावण्यात गेला, आता ते चहाच्या वेळा लावत. त्यांनी खांद्यावरून पुस्तकात डोकावलं, तेवढी ओळ वाचली आणि म्हणाले, आय वॉज वंडरिंग, चहा होईल का. बाई म्हणाल्या, तुम्ही वंडरिंग वगैरे काही नव्हता, तुम्हाला पक्कं माहीत होतं की ही वेळ चहाची आहे. मिस्टर म्हणाले, मग सरळ मागतो, टाक. बाईंनी आधण ठेवलं आणि सिस्टरची हकीकत सांगितली. मिस्टरांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले की डेपोत रोज संध्याकाळी लोक विचारायचे, शेवटची गाडी येणार ना? ती येणार नाही हे पक्कं माहीत असताना आपण येईल म्हणायचो, नाहीतर लोकांनी डेपो पेटवला असता. "एक वाक्य खोटं बोलली सिस्टर तर तुझ्या देवाला कळणारसुद्धा नाही. त्याला इंग्रजी कुठे येतंय."

बाई म्हणाल्या, हातगाडीचं इंग्रजी माझ्या मास्तरांना येत नव्हतं, देवाला येत असणार. मिस्टरांना ह्याचा संदर्भ लागला नाही, पण चहा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई देवासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. त्यांनी काही मागितलं नाही. परिस्थिती सांगितली आणि वाट पाहिली. उत्तर आलं नाही. बाईंनी मौनाला संमती मानलं नाही. मौन म्हणजे मौन, एवढंच धरून त्या उठल्या आणि निर्णय स्वतःच घेतला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पण पळून जाणार होती ती सिस्टरची जागा, आणि चावणार होतं ते खोटं बाईंना. तेव्हा चावलं तर चावू दे.

त्यांनी सिस्टरना वर्गाच्या तासभर आधी बोलावलं. सिस्टर आल्या, खिडकीपाशी बसल्या, सवयीनं. बाईंनी खडू हातात घेतला नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की उद्या परवा परीक्षेत तो प्रश्न आला की म्हणा, आय लव्ह माय वर्क. मी सांगते म्हणून म्हणा. मग रुग्णांबद्दल दोन गोड गोष्टी सांगा, कुणी फुलं आणून दिली, कुणी आशीर्वाद दिले. झालं.

सिस्टरनी मान हलवली आणि वाक्य म्हणून दाखवलं. "आय लव्ह माय वर्क." उच्चार स्वच्छ, शब्दावर शब्द घसरला नाही, चेहऱ्यावर सौम्य हसू. इतकं गुळगुळीत इंग्रजी त्यांच्या वर्गात कुणी बोललं नव्हतं.

"चांगलं म्हणता," बाई म्हणाल्या.

"दिवसभर हेच करते मी, बाई. पट्टी सोडवताना म्हणते, दुखणार नाही हं. दुखतं. नातेवाईक विचारतात, डाग जातील ना? म्हणते, जातील की. जात नाहीत. घरी सासूबाई विचारतात, दमलीस का? म्हणते, छे." त्या एकाच लयीत बोलत होत्या, जशी औषधाची यादी सांगतात. "इंग्रजी मला कुठेही शिकता आलं असतं. आमच्या गल्लीतच क्लास आहे. इथे यायला दोन बस बदलते, कारण इथे तासभर खोटं बोलावं लागत नाही. आता तुम्हीच सांगताय तर इथेही बोलते. माझं काय, सवय आहे."

बाई बाकावर बसल्या. त्यांना लहान मुलांच्या बाकावर बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. गुडघे वर आले. बराच वेळ खालून दुकानातल्या माणसाचा आवाज येत राहिला. तो कुणाला तरी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होता, आणि त्या माणसाला खालची ओळ काही दिसत नव्हती.

मग बाईंनी विचारलं, "खरंच आवडत नाही का हो?"

सिस्टर म्हणाल्या, तसं वाक्य तुम्हीच करून दिलंत. सुरुवातीला त्या ह्या वर्गात आल्या तेव्हा त्यांनी लिहून आणलं होतं, 'आय ॲम नॉट लाइकिंग माय वर्क.' बाईंनी लाल रेघ मारून 'आय डू नॉट लाइक' केलं होतं. सिस्टरनी ते पाठ केलं आणि परीक्षेत दोनदा म्हटलं. ह्यात त्यांची काही तक्रार नव्हती. बाईंनी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.

बाईंना ती लाल रेघ आठवली नाही. अशा इतक्या मारल्या होत्या. त्यांना आठवले वडील, नव्या गिलाव्याच्या भिंतीपाशी उभे. पोरांना भिंतीला पाठ टेकवायची घाई असायची. वडील आधी अंगठा दाबून बघायचे. दिसायला भिंत कोरडी, पण अंगठा उमटायचा. मग ते म्हणायचे, अजून व्हायचीय. बाईंनी आयुष्यभर उभ्या भिंती शिकवल्या होत्या. अंगठा दाबून कुठल्याच बघितल्या नव्हत्या.

"मराठीत सांगा," त्या म्हणाल्या. वर्गात मराठी बोलायला मनाई होती. तशी पाटीच होती, संचालकांनी लावलेली, मराठीत.

सिस्टर मराठीत बोलू लागल्या. म्हणाल्या, पूर्वी आवडायचं. मग आवडेनासं होत गेलं. आता कधी आवडतं, कधी नाही. नाही तेच जास्त. एखादी नवी पोरगी शिकवल्याप्रमाणे पट्टी आधी भिजवते, ओढत नाही, कातडं न सोलता सोडवते, तेव्हा आवडतं. रात्रपाळीला दहा खाटा आणि एकटी असले की स्वतःचाच तिरस्कार यायला लागतो, आणि तो वाढत चाललाय. वॉर्ड सुटला तर वॉर्ड आठवेल असंही वाटतं, त्याचा राग येतो. बाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. बोलणं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या की ह्यात नुसतं 'आवडतं' कुठे नाही आणि नुसतं 'आवडत नाही'ही कुठे नाही. हे सगळं चाललंय. मग उठून त्यांनी नवं पुस्तक उघडलं आणि त्या धड्याचं पान काढलं.

बाकीची मंडळी आली तेव्हा फळा भरलेला होता आणि त्यावर जिकडेतिकडे शेपटं होती. लिफ्टवाले दारातच थबकले. टेलरकाकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. बाईंनी काही खुलासा केला नाही. एवढंच सांगितलं की जुना नियम आहे तिथेच आहे, पण काही भिंती ओल्या असतात आणि आजपासून आपण त्याही करणार आहोत. वाक्य खरं हवं, हे मात्र बदललेलं नाही. टेलरकाका जरा वेळ विचार करून म्हणाले, 'आय ॲम अंडरस्टँडिंग माय सन-इन-लॉ बेटर.' मग प्रामाणिकपणे 'अ लिटल' जोडलं. लिफ्टवाल्यांनी सांगितलं की त्यांचा साहेब 'इज बीइंग नाइस', आणि त्याचीच त्यांना भीती वाटतेय.

परीक्षेच्या दिवशी बाई सिस्टरबरोबर गेल्या. परीक्षेच्या जागी एक लांब बोळ होता, भिंतीशी खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीवर कुणीतरी ओठ हलवत बसलेलं. समुद्र, डोंगर, आजोबा. सिस्टर ओठ हलवत नव्हत्या. त्यांच्याकडे पाठ करण्यासारखं काही नव्हतंच. आत जाताना त्यांनी बाईंना विचारलं, आणि मध्येच अडखळले तर? बाई म्हणाल्या, तर अडखळा.

एकेक जण आत जाऊन ठराविक वेळानं बाहेर येत होता. सिस्टर आल्या नाहीत. पुढचा उमेदवार चुळबुळ करायला लागला. पाठ केलेला समुद्र तो विसरत चालला होता. तो बाईंना म्हणाला, तुमच्याबरोबरच्या आत झोपल्या की काय? बाईंनी डोळे मिटून घेतले होते. त्या देवाला काही सांगत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. पण त्याला ते कळायचं कारण नव्हतं, आणि तो ओशाळून गप्प झाला.

शेवटी दार उघडलं. आधी सिस्टर आल्या आणि मागोमाग परीक्षक, उमेदवाराला हाक मारायला. परीक्षकांच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत रुमालाची नीट पट्टी बांधलेली होती आणि ती सोडायचं त्यांच्या ध्यानात राहिलेलं नव्हतं.

जिना उतरताना सिस्टरनी सांगितलं. तोच प्रश्न आला. त्यांनी जसं आहे तसं सांगितलं, की आवडायचं, आवडेनासं होत चाललंय. परीक्षकांनी विचारलं, आवडत नाही तर मग ते इतरांना शिकवायचं कशाला? तेव्हा त्यांना आधी काही सुचेना. मग त्या म्हणाल्या, कारण नाहीतर त्या पोरी ओढून काढतील. काय ओढून काढतील ते परीक्षकांना कळलं नाही, म्हणून दाखवावं लागलं. त्यासाठी हात लागत होता, तो त्यांनी परीक्षकांचाच घेतला.

"व्याकरण?" बाईंनी विचारलं.

"त्याकडे लक्षच नव्हतं, बाई. बरंच चुकलं असणार."

दोघी बसथांब्यापर्यंत चालत गेल्या.

सिस्टर पास झाल्या. परीक्षकांनी संचालकांना पुन्हा फोन केला आणि कळवलं की उमेदवाराच्या बोलण्यात चुका आहेत, पण तिला थांबवणं कठीण गेलं. संचालक एवढे खूश झाले की त्यांनी खाली दुकानाशेजारी लावायला एक फलक करायचं ठरवलं, सिस्टरचा फोटो आणि खाली एक वाक्य. वाक्य सिस्टरनीच द्यावं म्हणाले. सिस्टरनी वाक्य दिलं, 'आय ॲम स्टिल थिंकिंग अबाउट इट.' संचालकांनी फलकाचा बेत रद्द केला.

शेवटचं सांगायला सिस्टर वर्ग सुटायच्या वेळी आल्या, बसल्या नाहीत. नवी जागा पक्की झाली होती. वॉर्ड सुटला होता. फक्त त्या जागेचे तास दुपारचे होते, आणि संध्याकाळी नव्या मुलींची तालीम. म्हणजे ह्या वर्गाची जी वेळ तीच. बाई फळा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला आता ह्या वर्गाची गरज नाही, प्रमाणपत्र मिळालं. सिस्टर म्हणाल्या, ते मिळालं. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी बाईंनी त्यावरून आणखी एकदा फडकं फिरवलं.

"रविवारी असतं का काही?" सिस्टरनी विचारलं.

"रविवारी वर्ग नसतो."

"माहीत आहे."

"मग घरी या."

रविवारी सिस्टर आल्या. मिस्टरांनी दार उघडलं, ह्याच का त्या, असं म्हणाले आणि स्वतःहून चहा ठेवायला गेले. त्यावर बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, कारण ती चहाची वेळ नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराशी दोन खुर्च्या टाकून दोघी बसल्या. सिस्टरच्या अंगाला आता औषधाचा वास येत नव्हता, आणि बाईंना त्या क्षणभर कुणी दुसऱ्याच वाटल्या. बाईंनी विचारलं, नवं काम कसं आहे. सिस्टर खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या की अजून आवडायला लागलेलं नाही, मुली उद्धट आहेत, हाताखालची माणसं त्याहून, आणि परवा वॉर्डावरून जाताना पाय आपोआप आत वळले होते. पण आवडायला लागेलसं वाटतंय.

हे त्या मराठीत म्हणाल्या. बाईंनी त्याचं इंग्रजी करायला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, उद्धट म्हणजे नेमकं काय करतात, ते सांगा.